टेपवरचं पाणी

भाऊ टेपला हात लावण्याआधी हात धुवायचे. यात विशेष काही नाही, मशीनवरची माणसं धुतातच. पण ते पायही धुवायचे. ऑफिसमागच्या नळावर पँट घोट्यावर दुमडून, टाचेवर टाच घासत, अगदी निवांत. मग अनवाणीच मशीनच्या थंड खोलीत शिरायचे आणि दार ओढून घेण्याआधी मला सांगायचे, "ताई, कोनी आलं त सांगजा, भाऊ पान्यात हायेत."

पाण्यात म्हणजे आकड्यांत. आमचं खातं विहिरींचं पाणी मोजायचं. बुऱ्हाणपूरच्या भोवती गावोगाव खात्यानं निवडून ठेवलेल्या विहिरी होत्या आणि त्या मोजणारी माणसं सायकलवर फिरायची. लोखंडी पट्टीच्या टोकाला खडू फासायचा, पट्टी विहिरीत सोडायची, वर ओढायची. खडू जिथवर ओला झाला तिथून कळायचं की काठापासून पाणी किती खोल आहे. तो आकडा रजिस्टरमध्ये. एका माणसाच्या साऱ्या विहिरींचं एका महिन्याचं एक पान.

माझे बाबा हेच काम करायचे. तुकईथड गावाकडच्या विहिरी त्यांच्याकडे होत्या. त्यांच्या बोटांना कायम खडू असायचा; जेवताना भाकरीवर पांढरे ठसे उमटायचे. नोकरीत असतानाच ते गेले आणि त्यांच्या जागी अनुकंपेवर मला घेतलं. सायकलवर नाही, मशीनमध्ये आकडे टाकायला. मी लोधीपुऱ्यातून चालत ऑफिसला जायचे आणि दिवसभर बटणं बडवायचे. टायपिंगची परीक्षा कशीबशी पास झालेल्या पोरीला हे काम म्हणजे चैनच होती.

हे कॉम्प्युटरचं मशीन आमच्या नशिबी कसं आलं, तेही एक कोडंच. तापीच्या कुठल्याशा पाहणीसाठी ते आणलं होतं. पाहणी संपली, साहेब लोक गेले, मशीन राहिलं. कपाटाएवढं मशीन, आणि त्याला पुढून ताटाएवढी दोन चाकं. त्यांवर तपकिरी टेपची रिळं चढवायची. मी लागण्याच्या आधीच विहिरींची सारी जुनी रजिस्टरं त्या रिळांवर चढली होती, आणि आता टेपवर आहे ना, म्हणून रजिस्टरं रद्दीत गेली. बाबांच्या हातचा एक कागद माझ्याकडे उरला नव्हता. त्यांची वीस वर्षं त्या चाकांवर फिरत होती आणि मला त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं.

भाऊंना दिसायचं. निदान ते तसं म्हणायचे. रीळ फिरायला लागलं की चष्मा काढून कपाटाला कान लावायचे आणि डोळे मिटायचे. थंड खोलीत पडदे ओढलेले असायचे, बाहेर मे महिन्याचं ऊन पत्र्यावर तडतडत असायचं आणि आत तो एकसुरी घुर्रर्र. मला दोन मिनिटांत पेंग यायची. भाऊ मात्र त्या आवाजात बोट वर करायचे, "आता पाऊस लागला. ऐका."

"मला तर सगळं सारखंच वाटतं, भाऊ."

"सारखं कसं असंन? वैशाखात पानी खोल जाते, आकडा दोन घरचा राहते. सावन लागला का एका घरचा होऊन जाते. मशीनले तेवढाच दम मिळते." मग हसायचे. खरं सांगत होते की माझी फिरकी घेत होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्यांचं खाणं हाही ऑफिसातल्या करमणुकीचा भाग होता. शनिवारी माव्याची जिलबी आली की ती ते स्वेटर विणायच्या सुईनं उचलून खायचे, बोटं चिकट होऊ नयेत म्हणून. एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "माह्यं बोलनं हा मानूस एकदा नाही आयकत, आन् टेप चाळीस डाव वाचते." भाऊ आतून म्हणाले, "टेप वाकडं नाही बोलत." वहिनींनी झारा उगारला. मी चहा न घेता परत आले असते तर बरं झालं असतं, पण त्या घरचा चहा फार चांगला असायचा.

मग एकत्रीकरणाचं पत्र आलं. सगळ्या जिल्ह्यांतल्या विहिरींच्या नोंदी भोपाळला एका मोठ्या मशीनमध्ये एकत्र करायच्या होत्या. दिवाळीपर्यंत सगळं नव्या पद्धतीनं लिहून पाठवा. जे वाचता येणार नाही त्यापुढे 'नोंद नाही' असं लागेल आणि जुनी रिळं भंगारात जातील. शेवटी एक ओळ होती: ज्यांचं काम पूर्ण, बिनचूक येईल, त्या माणसाला भोपाळच्या नव्या केंद्रात घेण्याचा विचार होईल.

ही ओळ भाऊंनी मला तीनदा वाचायला लावली. भोपाळच्या त्या केंद्राबद्दल त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. एका दालनात चोवीस टेपची मशीनं, सगळी एकाच वेळी फिरणारी. जेवणाच्या सुट्टीत ते त्याबद्दल असं बोलायचे, जशी लहान मुलं जत्रेतल्या पाळण्याबद्दल बोलतात. "चोवीस, ताई. मधात खुर्ची टाकून बसाचं. काही करू नाही. फक्त बसाचं."

त्यांना तिथे जायचं होतं, आणि मला बाबांची वीस वर्षं भंगारात जाऊ द्यायची नव्हती. दोघांचं काम एकच होतं.

पहिलीच अडचण अशी की टेपवर काय कुठे लिहिलंय हेच कोणाला ठाऊक नव्हतं. ज्यानं ते लिहिलं तो पोरगा दुसरी नोकरी धरून कुठेतरी गेला होता, आणि जाताना त्यानं एक चिठ्ठीही ठेवली नव्हती. भाऊंनी प्रोग्राम लिहून काही पानं टेपवरून काढली, तर कागदावर नुसती आकड्यांची माळ आली. एकाला एक चिकटलेले आकडे. विहिरीचा नंबर कुठे संपतो, महिना कुठे लागतो, पाण्याची खोली कुठली, काही पत्ता नाही. मी म्हटलं, संपलं. भाऊंनी कागद भिंतीला खिळ्यांनी ठोकले, पानामागून पान, छपरापर्यंत, आणि चार दिवस समोर स्टूल टाकून बसून राहिले. ऑफिसचे बडे साहेब दोनदा डोकावून गेले. दुसऱ्यांदा त्यांनी मला खुणेनं विचारलं, हे ठीक आहेत ना?

पाचव्या दिवशी भाऊंनी मला हाक मारली आणि पेन्सिलीनं दोन उभ्या रेघा मारल्या. "इथून इथलोक पानी हाये."

"कशावरून?"

"बाकीचे आकडे पाहा. एक त हालतच नाही, तो विहिरीचा नंबर. एक दर पानाले एकानं वाढते, तो महिना. आन् हा? हा आषाढानंतर लहान होते, चैत-वैशाखात मोठा होते. पानी वर येते त खोली कमी होते. दुनियेत दुसरं काय असं वागते?"

मग त्यांनी खरा प्रोग्राम लिहायला घेतला. आधी वहीत मराठीत लिहायचे, मग मशीनच्या भाषेत. वहीत असं होतं: वाच. नाही जमलं तर एक ठोकळा मागे ये. थांब. पुन्हा वाच. रजिस्टरचं एक पान टेपवर एका ठोकळ्यात होतं, त्याला आम्ही ठोकळाच म्हणायचो. इतर लोकांचे प्रोग्राम दहा वेळा वाचून नाद सोडायचे. भाऊंचा चाळीस वेळा वाचायचा, आणि दर तिसऱ्या वेळी टेपला विसावा द्यायचा. एवढं करूनही नाही जमलं तर त्या पानावर सगळे नऊ छापायचा. नऊ नऊ नऊ नऊ म्हणजे वाचता आलं नाही. तिथे सरासरी काढून आकडा भरता आला असता. बाकी जिल्हे तेच करतात, असं बडे साहेब म्हणालेही. भाऊ म्हणाले, "साहेब, जे दिसलं नाही ते मी लिहीत नाही."

आता माझा पराक्रम सांगते. मे महिन्यात खोलीतलं थंड हवेचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीला माणूस इंदूरहून यायचा होता, आठ दिवस लागणार होते, आणि भाऊ वहिनींच्या भावाकडे लग्नाला गेले होते. खोली तापून भट्टी झाली. मला वाटलं टेप वितळतील. फोपनारला माझ्या मामांची केळी पिकवायची खोली होती. बर्फाच्या लाद्या लावलेली, अंधारी, गार. आमच्या नात्यात उन्हाळ्यात जे काही वाचवायचं ते त्या खोलीत जायचं. लग्नाचे हार, श्रीखंड, एकदा तर एका आत्याचं औषध. मी बाबांची रिळं असलेली पेटी टेम्पोत घातली आणि फोपनारला नेऊन ठेवली. मामा म्हणाले, "बिनधास्त ठेव बेटा, माह्यं केळंबी खराब होत नाही इथं."

केळ्याला ओल लागते. टेपला ओल म्हणजे विष, हे मला कोण सांगणार? आठ दिवसांनी पेटी उघडली तर आतून पिकल्या केळ्यांचा वास आला. टेप बोटाला चिकटत होती. भाऊ लग्नाहून आले, त्यांनी रीळ नाकाला लावलं, आणि मी रडायलाच लागले. एकदम घळाघळा. "भाऊ, यात बाबांचं सगळं आहे हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "कुरडया घालतात ना तुमच्या घरी?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून भाऊंचा मुक्काम आमच्या लोधीपुऱ्यातल्या घराच्या माळ्यावर. पत्र्याखाली, ऊन थेट लागणार नाही पण ताव लागेल अशा जागी, त्यांनी रिळं मलमलच्या कापडावर मांडली आणि ताप मोजायची काचेची नळी मधोमध ठेवली. ती पहिल्याच दिवशी फुटली, मग हातानं अंदाज. बाहेर गच्चीवर गल्लीतल्या बायका कुरडया घालत होत्या. त्यांना वाटलं हे पाहुणेही काही वाळवायला आलेत. एकीनं विचारलं, "भाऊ, हे तळून खातात का?" भाऊ म्हणाले, "नाही, वाचतात." तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

दर तासाला ते रिळं उलटवायचे. मधल्या वेळात पत्र्याखाली मांडी घालून डोळे मिटून बसायचे, घाम गळत असायचा आणि ओठ हलत असायचे. मी पन्हं नेऊन द्यायचे. एकदा म्हणाले, "तुझ्या बाबाचे आकडे मले लय आवडतात." मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाले होते. "बाकी लोक पाच नाही त शून्यावर थांबतात. तुझा बाबा तीन, सात, आठ, जे दिसलं ते लिहिते. वाकून पाहनारा मानूस होता." मी बाबांना आयुष्यभर सायकलवरून जाताना-येताना पाहिलं होतं, विहिरीवर वाकलेलं कधी नाही. त्या दिवशी पत्र्याखाली पाहिलं.

आठ दिवसांनी रिळं सुकली. मग ती मशीनवर चढली आणि पावसाळाभर आम्ही बाबांच्या विहिरी वाचत होतो. ते दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. रीळ थोडं पुढे जायचं, अडखळायचं, मागे यायचं, थांबायचं. भाऊ श्वास रोखायचे. पुन्हा पुढे. मग कागद खडखडत बाहेर यायचा आणि त्यावर एक महिना असायचा. बाबांनी कधीतरी, कुठल्याशा दुपारी, कुठल्याशा काठावरून पाहिलेलं पाणी. मी ते मोठ्यानं वाचायचे. सहा पूर्णांक तीन. चार पूर्णांक आठ. भाऊ मान डोलवायचे. किती वाचलं याचं भान राहायचं नाही. बाहेर पाऊस होता की थांबला, हेही घरी जाताना कळायचं.

दसऱ्याच्या आधी शेवटचं पान आलं. वीस वर्षं, आणि एकही नऊ नाही. भाऊंनी दोन्ही हात जोडले, मशीनला. मग मला म्हणाले, "चोवीस, ताई." मी जिलबी आणायला धावले.

परत आले तेव्हा ते भिंतीसमोर उभे होते. बाबांची छापून आलेली पानं त्यांनी इतर मोजणाऱ्यांच्या पानांशेजारी ठोकली होती. हे त्यांनी करायची गरज नव्हती. वाचून झालं होतं. पण त्यांना सगळं एकत्र पाहायची हौस.

"या वर्षी," एका पानावर बोट ठेवून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आषाढ ते अश्विन. घरी काय झालतं?"

मी वर्ष पाहिलं. मी आठ वर्षांची होते. "का?"

"त्या साली पाऊस नाही आला. सगळ्यायच्या विहिरी खाली गेल्या. तुझ्या बाबाच्या वर आल्या." त्यांनी आदल्या वर्षाची पानं दाखवली. चार महिने, साऱ्या विहिरी, आदल्या वर्षीचेच आकडे, प्रत्येकात थोडं कमी-जास्त करून. माझ्या बाबांचे आकडे. वाकून पाहणाऱ्या माणसाचे.

मला मुदतीचा ताप आला होता. उतरला आणि उलटला. आई त्याआधीच गेली होती, घरात बाबांशिवाय कोणी नव्हतं. ते माझ्या उशाशी मांडीवर रजिस्टर घेऊन लिहीत बसायचे. मी विचारलं होतं, बाबा, तुम्ही विहिरीवर नाही गेले? ते म्हणाले होते, "विहिरीले सुट्टी हाये बेटा." बाबा तेव्हा रोजंदारीवर होते. महिना चुकला असता तर दुसरा माणूस लागला असता.

हे सगळं मी भाऊंना सांगितलं. जिलबीचा कागद हातात तसाच होता. "राहू द्या ना भाऊ," मी म्हटलं. "वीस वर्षांतले चार महिने. कोण बघतंय?"

"मी पाह्यलं."

"तुम्ही आणि मीच ना!"

"ताई, उद्या भोपाळले कोनी हे पाहून म्हनंन का दुष्काळातबी या गावायले भरपूर पानी राहते. बोअर मंजूर नाही होनार. टँकर नाही येनार." ते हळू बोलत होते. "हे नाही ठेवता येत मले."

"मग लिहा! लिहा की खोटं आहे. मोजणाऱ्यानं घरी बसून भरलं. माझ्या बाबांच्या नावासमोर लिहा, आणि मला त्यांच्या जागेवर बसवलंय त्या खुर्चीवर बसून मीच ते टाइप करते." मी ओरडत होते. थंड खोलीत आजवर कोणी ओरडलं नव्हतं. मी जिलबी टेबलावर आपटली आणि घरी निघून आले.

भोपाळचे अधिकारी दिवाळीच्या आधी आले. बड्या साहेबांच्या खोलीत आमच्या जिल्ह्याचे कागद मांडलेले होते. मी चहा ठेवायला म्हणून आत गेले आणि तिथेच उभी राहिले. अधिकाऱ्यांनी तुकईथडकडचा गठ्ठा उलटला आणि मध्येच थांबले. चार पानं. वरपासून खालपर्यंत नऊ.

"ये क्या है? आपके साहब तो कह रहे थे, सौ टक्का पढ़ लिया."

"चार ठोकळे नहीं पढ़े गए, साहब," भाऊ म्हणाले.

"टेप ख़राब थी?"

टेप ओली झाली होती, केळ्याच्या खोलीत, आणि ती कोणी नेली हे अख्ख्या ऑफिसला माहीत होतं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"टेप अच्छी थी. प्रोग्राम में ग़लती रह गई. मेरी ग़लती है."

अधिकारी हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "चालीस बार पढ़ता है, सुना था." त्यांनी कागदावर काहीतरी खूण केली आणि पुढचा गठ्ठा घेतला. बडे साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. भोपाळला पुढे दुसऱ्याच जिल्ह्यातला माणूस गेला. भाऊ आमच्याच ऑफिसात निवृत्त झाले, आणि मशीन त्यांच्या आधी.

त्या संध्याकाळी ते नळावर पाय धूत होते. मी जवळ गेले. मला माफी मागायची होती, आणि तोंडातून निघालं भलतंच. "भाऊ, तुम्ही खोटं बोललात. तुम्हाला तर वाचता आलं होतं."

"काय वाचता आलं?" त्यांनी टाचेवर टाच घासली. "त्या चार महिन्यात विहिरी कोनी पाह्यल्याच नाहीत. मंग वाचाले काय होतं तिथं?" नळ बंद करून ते सरळ झाले. "तुझा बाबा जिथं पाह्यजे होता तिथं होता. जा आता घरी."

भोपाळला पाठवलेल्या त्या कागदांची एक प्रत माझ्याकडे आहे. वीस वर्षांतल्या बाकी कुठल्याही दिवशी बाबा नेमके कोणत्या विहिरीच्या काठावर होते, ते मी सांगू शकत नाही. फक्त त्या नऊ नऊ लिहिलेल्या चार पानांवर मला ठाऊक आहे ते कुठे होते. माझ्या उशाशी.